वाळू, चिकणमाती आणि माझे हात

महोदय,

चिकणमातीत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या फुलझाडांविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, "वाळू मिसळली की निचरा सुधारतो, हे कुणीही सांगेल, लेखकाने कधी मातीत हात घातलेला दिसत नाही." मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, त्याच्या हातांविषयी इतक्या खात्रीने निकाल देण्याची ही रीत मला अपरिचित आहे.

"कुणीही सांगेल" हे मात्र खरे, कारण मलाही कुणीतरी तसेच सांगितले होते. सुमारे १४ वर्षांपूर्वी मी माझ्या पहिल्या वाफ्यात तीन घमेली मातीला एक घमेले वाळू या हिशेबाने वाळू कालवली आणि त्यात अ‍ॅस्टर लावले. पाऊस सरून माती वाळली तेव्हा खुरपे आत न शिरता खणकन वाजले, आणि मरगळलेली रोपे उपटली तर मुळे तपकिरी, बुळबुळीत, कुजक्या वासाची निघाली. मातीत हात घातल्याचा पुरावा हवा असेल तर तो हा आहे, फारसा अभिमानास्पद नसला तरी.

असे का झाले, ते लेखात होते. आपण तिथवर वाचले नसावे. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. वाळूचे दाणे एकमेकांना टेकतील इतकी वाळू नसेल, तर मधली प्रत्येक फट हे कण भरून काढतात आणि वाळू विटेतल्या खड्यासारखी रुतून बसते. मिश्रणात निदान निम्मी वाळू असल्याशिवाय फरक पडत नाही, म्हणजे ३० सेंमी खोल वाफ्यात दर चौरस मीटरला सुमारे १५० लिटर. एवढी वाळू वाहण्याची आपली तयारी असेल तर माझी काहीच हरकत नाही.

त्यापेक्षा कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा दरवर्षी घालत राहिल्यास तेच कण एकत्र येऊन माती रवाळ होते, आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचा चिकणमातीचा गुणही शाबूत राहतो. वाफसा नसताना ओल्या मातीत फावडे चालवू नये आणि वाफा १५ ते २० सेंमी उंच करावा, एवढे पाळले तर रुडबेकिया, डे-लिली आणि कर्दळ भारी जमिनीत उत्तम वाढतात.

एक चूक मान्य करतो. डे-लिलीला मी कंद म्हटले होते. तिला कंद नसून मांसल मुळे असतात. ती दुरुस्ती केली आहे, आभार. आपल्या इतर आक्षेपांत विशेष दम नाही. जिप्सम हे माती सुधारण्यासाठी वापरायचे खनिज सोडियमयुक्त चोपण जमिनीसाठी असते, सरसकट चिकणमातीसाठी नव्हे, आणि लेखातली झाडांची यादी लहान आहे कारण मी स्वतः न लावलेली झाडे तीत घालत नाही. ही सवय सर्वांनाच असती तर बरे झाले असते.

पुन्हा लिहिण्यापूर्वी आपल्या वाळूमिश्रित वाफ्यात ३० सेंमी खोल खड्डा खणावा, एकदा पाणी भरून जिरू द्यावे, मग पुन्हा भरून घड्याळ लावावे. किती तासांत पाणी उतरले तो आकडा कळवावा. त्यावर बोलू.