देव बोलतो, पण आपल्या सोयीचंच बोलतो का?

डिसेंबर आला की आमच्या नवापूर भागातल्या ख्रिस्ती घरांत दोन गोष्टी हमखास येतात. एक, नव्या वर्षाचं वचनाचं कॅलेंडर. दुसरा, कोणीतरी बाहेरगावचा उपदेशक. मंडपात उभा राहून तो सांगतो की येतं वर्ष तुमच्या भरभराटीचं आहे, प्रभूने मला कालच रात्री हे दाखवलं. कीबोर्ड वाजतो, हालेलूया होतं, बाया पदराने डोळे पुसतात. मीही तिथेच उभी असते. फक्त त्या वेळी टाळ्या वाजवत नाही. त्यावरून महिला मंडळात माझ्याबद्दल काय बोललं जातं ते माझ्यापर्यंत पोहोचलंय, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. पोस्ट लांब आहे. स्वयंपाक उरकून वाचा.

देव बोलतो हे मला मान्य आहे. आमच्या घरात ते लहानपणापासून बघितलंय. आजीला अक्षरओळख नव्हती. घरात मावची, चर्चमध्ये मराठी, त्यामुळे उपदेशातलं निम्मं तिच्या डोक्यावरून जायचं असं पाळकांना वाटे. पहाटे ओट्यावर बसून ती प्रार्थना करायची आणि आमेन झाल्यावर लगेच उठायची नाही. सूप पुढे घेऊन तांदळातले खडे काढत तशीच बसून राहायची. मग मधेच उठायची आणि आम्हा पोरांपैकी कोणाला तरी डाळ नाहीतर भाकरी देऊन कोणाच्या तरी घरी पिटाळायची. त्या घरी त्या दिवशी खरंच चूल पेटलेली नसायची असं दर वेळी व्हायचं नाही. कधी कधी त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगली भाजी असायची आणि आम्ही वाटी भरून परत आणायचो. ‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य मी तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. ‘तिची आठवण आली’ एवढंच म्हणायची.

आता कॅलेंडर. त्यावर यिर्मया 29:11, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन, असतंच असतं. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव म्हणतो, ते वचन. मोटारसायकलच्या नंबर प्लेटवर, लग्नपत्रिकेवर, दहावीच्या निकालाच्या स्टेटसला, सगळीकडे तेच. वचन खरं आहे, माझंही आवडतं आहे. पण त्याच्या वरची ओळ कॅलेंडरवर का येत नाही? दहाव्या ओळीत देव म्हणतो, बाबेलमध्ये सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमची विचारपूस करीन, तुम्हाला परत आणीन. सत्तर! हे यिर्मयाचं पत्र, यरुशलेमहून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना गेलेलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना, मधल्या वयाच्यांनाही कळलं असणार की आपण काही घर बघत नाही आता. आणि तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे शत्रूच्या गावासाठी. हिताच्या संकल्पाचा देवाने दिलेला तपशील हा असा आहे.

त्याच्या आधीचा, 28वा अध्याय तर आपल्या सभांमध्ये मुद्दाम वाचावा असा आहे. हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की परमेश्वर म्हणतो, दोन वर्षांच्या आत सगळं परत मिळेल. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं जू काढून तो मोडूनसुद्धा टाकतो. काय जोरदार दृश्य असेल! आपल्याकडे असतं तर मोबाइल वर झाले असते. यिर्मया यावर काय म्हणतो? आमेन म्हणतो. परमेश्वर असंच करो, म्हणतो. त्यालाही दोन वर्षंच हवी होती हो, सत्तर कोणाला हवी असतात? संदेष्ट्याचं भाकीत खरं ठरलं की मग तो देवाने पाठवलेला हे कळतं, एवढी आठवण मात्र तो करून देतो, आणि जू मोडल्यावर गप निघून जातो. देवाचं वचन त्याला नंतर मिळतं, आणि ते कडू असतं. मला या गोष्टीत सगळ्यात मोठं वाटतं ते यिर्मयाचं ते निघून जाणं. आता या क्षणी माझ्याकडे देवाचा शब्द नाही, एवढं कबूल करून घरी जायची धमक स्टेजवरच्या माणसात फार कमी दिसते.

कोणी म्हणेल, बाई, लोकांना दोन शब्द आशेचे मिळतात, तुझं काय जातं? माझं जात नाही. पण ज्यांचं जातं त्यांना मी बघितलंय. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, किती घरांत आहे ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. ओळखीतल्या एका मुलीच्या गोळ्या एका सभेनंतर घरच्यांनी बंद केल्या. उपदेशकाने सांगितलं होतं की तू बरी झालीस, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. पुढच्या थंडीत तिचे हातपाय असे धरले की रात्रभर किंचाळायची. तो उपदेशक तोवर दुसऱ्या तालुक्यात होता. मुलगी वाचली, गोळ्या सुरू झाल्या. पण ‘माझाच विश्वास कमी पडला’ हे तिच्या डोक्यात बसलंय ते अजून निघत नाही, आणि मला त्या दुखण्यापेक्षा याचाच जास्त राग येतो.

हिज्कीया राजा मरायला टेकला होता तेव्हा देवाने स्वतः शब्द दिला की मी तुला बरं करतो, तुझं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवतो. एवढा शब्द मिळाल्यावर यशया संदेष्टा काय करतो? अंजिरं मागवतो आणि गळवावर त्यांचा लेप लावायला सांगतो. दुसरे राजे, अध्याय 20, बघा काढून. देवाचा शब्द आणि अंजिराचा लेप एकाच खोलीत, आणि यशयाला त्यात काही विसंगत वाटत नाही. चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात आमच्या भागातल्या किती बाळंतपणांच्या वेळी प्रार्थना आणि सलाईन दोन्ही एकदम चालू होतं, ते आपल्या आयांना विचारा.

आता देवाच्या काळजीबद्दल. ‘आकाशातील पाखरांकडे पाहा’ हे वचन नवापूरमध्ये ऐकणं आणि दुसरीकडे ऐकणं यात फरक आहे. फेब्रुवारी 2006 आठवतं? देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापूरमध्ये. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या. पांढरे सूट घातलेली माणसं, टीव्हीच्या गाड्या, आणि नवापूरचं नाव घेतलं की लोक दोन पावलं मागे सरकायचे. माझ्या काकांची छोटी शेड होती, कर्जावर. त्याच दरम्यानच्या एका रविवारी पाळकांनी मत्तयचा सहावा अध्याय काढला. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खायला देतो. काका मधेच उठून बाहेर गेले. कोणी काही बोललं नाही. बोलणार काय?

पुढे कधीतरी त्यांनीच मला दहावा अध्याय दाखवला. तिथे येशू चिमण्यांबद्दल बोलतो. एका दमडीला दोन विकल्या जाणाऱ्या. तो असं म्हणत नाही की एकही चिमणी पडणार नाही. पित्यावाचून एकही पडणार नाही, असं म्हणतो. काका म्हणाले, “पडतात. त्याला ठाऊक आहे की पडतात. त्याने खोटं सांगितलं नाही आपल्याला.” एवढ्यावर काका पुन्हा चर्चला यायला लागले. शेड मात्र परत उभी राहिली नाही. ते आजही दुसऱ्याच्या शेतात भाताला जातात. 2021मध्ये नवापूरमध्ये बर्ड फ्लू पुन्हा आला तेव्हा शेड असलेल्या दोघातिघांच्या घरी ते जाऊन बसले. उपदेश द्यायला नाही. बँकेत काय कागद लागतात, पंचनाम्याच्या वेळी कोणती वही जवळ ठेवायची, हे सांगायला.

इथेच मला म्हणायचंय ते येतं. आपण देवाचं ऐकणं आणि देवाची काळजी अशा दोन वेगळ्या फायली करून ठेवल्यात. ऐकायचं स्वतःसाठी: नोकरी कुठली घेऊ, स्थळ कोणतं बघू, प्लॉट घेऊ का. आणि काळजी मागायची तीही स्वतःसाठी, ती थेट आभाळातून यावी. पण पवित्र शास्त्रात पाहिलं तर एकाची काळजी घ्यायची असली की देव बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाशी तरी बोलतो. येशूच्या शिष्यांना पकडायला निघालेला शौल दिमिष्क शहरात आंधळा होऊन तीन दिवस अन्नपाण्याविना बसलाय. येशूने त्याला स्वतः दर्शन दिलंय, म्हणजे तिथेच डोळे उघडता आले असते. तरी तो त्याच गावातल्या एका साध्या शिष्याला उठवतो आणि ‘नीट’ नावाच्या रस्त्यावर पाठवतो. त्याचंही नाव हनन्याच, मौज बघा. या हनन्याला जे ऐकू आलं ते त्याला अजिबात नको होतं. तो हुज्जत घालतो, की प्रभू, हा माणूस आम्हाला पकडायला आलाय, याच्याबद्दल मी खूप ऐकलंय. मग जातो. आणि दारातून आत गेल्यावर पहिला शब्द काय, तर ‘शौल भाऊ’.

एक हनन्या सगळ्यांना गोड वाटेल ते बोलला, त्या क्षणी त्याला त्यासाठी काही मोजावं लागलं नाही, टाळ्याच मिळाल्या असतील, पण त्याच वर्षी तो मेला. दुसऱ्याला जीव मुठीत धरून परक्याच्या खोलीत जावं लागलं. मी आता एवढंच बघते, की ‘देव माझ्याशी बोलला’ असं जे मला वाटतंय ते मला कोणाच्या दारात नेतंय का? की ते फक्त माझ्याच घरात फिरून येतंय? ही खूण दर वेळी लागू पडते असं नाही, पण बराच कोंडा उडून जातो.

आणि ऐकणारा ख्रिस्तीच असावा लागतो असंही नाही. मी धुळ्याला नोकरीला. आई माझ्याकडे आजारी होती तेव्हा शेजारच्या काकू, घरात कानबाई देवी बसवणाऱ्या, रात्री अकराला दार वाजवून आल्या. “काय व्हयनं माय? दिवा चालूच दिसस तुना.” रात्रभर बसल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. मी आतल्या खोलीत देवाला हाका मारत होते. याचा अर्थ कोणी काय लावायचा तो लावो, मी तरी माझ्या प्रार्थनेचं उत्तर दाराबाहेर चप्पल काढताना पाहिलंय. एकाने यावर ‘पण त्यांचं तारण?’ असं विचारलं. भाऊ, त्या रात्री तारण माझं चाललं होतं.

‘ताई, मग ऐकायचं कसं’ असं तरुण पोरं इनबॉक्समध्ये विचारतात. मी काही त्यातली जाणकार नाही. माझं ऐकणं बहुतेक एसटीत होतं. धुळे, साक्री, दहिवेल, मग कोंडाईबारीचा घाट. घाटात मोबाइलची रेंज जाते आणि मला बरं वाटतं. एखादं स्तोत्र घेते, तेच तेच, महिना महिना. 23वं नाहीतर 131वं, ते तर इतकं लहान आहे की विसरवाडी यायच्या आत कितीदा तरी होतं. बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. झोप लागते. कधी कोणाचं तरी नाव मनात येतं, आणि ते सहसा मला फोन करायची इच्छा नसलेल्या माणसाचं असतं.

एक मात्र नक्की सांगेन, ठरवून झाल्यावर विचारू नका. यिर्मयाच्याच पुस्तकात 42व्या अध्यायात, यरुशलेम पडल्यावर मागे उरलेले लोक येतात आणि म्हणतात, देवाला विचार, बरं असो की वाईट, आम्ही ऐकू. यिर्मया विचारतो. उत्तर यायला दहा दिवस लागतात. उत्तर येतं की इथेच राहा, मिसरात जाऊ नका. लगेच म्हणतात, तू खोटं बोलतोस! सामान आधीच बांधून ठेवलं होतं त्यांनी. आपल्यातली निम्मी ‘प्रार्थना करून बघतो’ ही अशीच असते. लग्नाच्या बाबतीत तर विचारूच नका.

आता ज्यासाठी हे सगळं सुचलं ते. दिवाळी झाली की आपल्या गावांतली अर्धी मंडळी उचल घेऊन ऊसतोडीला गुजरातमध्ये जाते. बारडोलीच्या बाजूला पडावावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावर, राहते. ख्रिसमसला आपण इथे तारे लावतो, केक वाटतो, आणि बाकांवर जागा रिकाम्या असतात. दर वर्षी आपण प्रार्थना करतो, ‘प्रभू, बाहेरगावी असलेल्यांची काळजी घे.’ मोठ्याने करतो. या वर्षी महिला मंडळाच्या बैठकीत ती प्रार्थना झाल्यावर एक म्हातारी बाई म्हणाली, “त्याने घ्यायची म्हणजे जायचं कोणी?” कोणीच बोललं नाही, मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण गाड्यांचे नंबर माझ्याकडे असतात. मला 24 तारखेला घरी झोपायचं होतं, खरं सांगते.

तर 24ला सकाळी नवापूरहून निघतोय. पडावावर संध्याकाळी छोटी उपासना, स्टेज नाही, माइक नाही. मुकादमाशी बोलणं झालंय. एक नर्सताई सोबत आहेत, त्या सिकलसेलच्या पोरांच्या गोळ्या संपल्यात का ते बघतील. पोरांसाठी स्वेटर हवेत, वापरलेले चालतील पण धुतलेले द्या. तांदूळ, तेल, साबण चालेल. कॅलेंडरं नकोत, तिथे भिंती नसतात. पिकअपमध्ये मागे अजून थोडी जागा आहे, पण रात्री परत येताना थंडी लागते, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी हट्ट करू नका. शुक्रवारपर्यंत मला नाहीतर पाळकांना सांगा, म्हणजे दुसरी गाडी करायची का ते ठरवता येईल.