कुलपामागची शिपायांची बचत

रोमन कुलपांवरच्या तुमच्या लेखातली अंगठीवरची इवलीशी रोमन किल्ली फार आवडली. पण रोमन फौजेत कुलपं मुख्यतः शिपायाच्या खासगी पेटीपुरतीच होती, हे त्यातलं म्हणणं मात्र पटलं नाही. खरी जोखीम छावणीच्या मुख्यालयात असायची. ध्वज ठेवायच्या देवघरातच शिपायांची बचत जमा होई. सम्राटाकडून मिळणाऱ्या बक्षिसाची निम्मी रक्कम तिथेच ठेवावी लागे. लीजन म्हणजे रोमन फौजेचं मोठं दल; त्यातल्या दहा कोहोर्टची, म्हणजे तुकड्यांची, प्रत्येकी वेगळी थैली आणि अकरावी, सगळ्यांनी थोडं थोडं घातलेली, अंत्यविधीसाठी! इंग्लंडमध्ये रोमनांनी सरहद्दीवर बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवर चेस्टर्सच्या किल्ल्यात देवघराजवळचं तिजोरीचं तळघर आजही दिसतं. ते सापडलं तेव्हा लोखंड जडवलेलं ओकचं दारही होतं, दुर्दैवाने टिकलं नाही.

आणि कुलपाची करामत बघा: कांस्याच्या अडसराला नक्षीसारखी भोकं, त्यांत वरून पडलेल्या खिट्ट्या. किल्लीचे दात खालून नेमके त्याच भोकांत शिरून खिट्ट्या वर उचलतात, मग किल्लीसकट अडसर बाजूला सरकतो. किल्ली फिरवायचीच नाही!

या पैशाची ताकद सम्राटांनाही ठाऊक होती. इ.स. ८९ मध्ये सॅटर्निनस या रोमन सुभेदाराने जर्मनीतल्या माइन्झला बंड केलं, ते दोन लीजनच्या बचतीच्या भरवशावर. त्यानंतर सम्राट डोमिशियनने ध्वजापाशी माणशी १००० सेस्टर्सहून (रोमन नाण्यांहून) जास्त ठेवायला मनाई केली.