धर्म म्हणजे नुसती मनाई नव्हे

‘सगळे धर्म म्हणजे केवळ “करू नका”ची यादी’ असा दावा फिरतो आहे; पुरावा म्हणून बायबलमधल्या दहा आज्ञा. पण त्या दहांतही शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळणे आणि आई-वडिलांचा मान राखणे ही सरळ कर्तव्ये आहेत. ज्यू परंपरा एकूण 613 आज्ञा मोजते: 248 करायच्या, 365 टाळायच्या. मनाई जास्त आहे, हे खरे. ‘केवळ’ मात्र खोटे. इस्लामचे पाचही स्तंभ, म्हणजे श्रद्धेची ग्वाही, नमाज, जकातीचे दान, रोजा आणि हज यात्रा, करण्याच्याच गोष्टी आहेत (रोजाला कुणी वर्ज्य म्हणेल, तर म्हणो). बौद्धांचे पंचशील वर्ज्यांचे, तरी त्याच धम्मात दान आहे, मैत्री म्हणजे सर्वांविषयी सद्भाव आहे. मनाई मोडली की नाही, हे चटकन ठरते. मदत किती केली म्हणजे पुरे, हे ठरत नाही. मनाईच डोळ्यांत भरते ती बहुधा यामुळे.