पावतीवर पक्षी

जनावरांच्या दवाखान्यातल्या कालच्या पावतीवर आमच्या कासवाची नोंद ‘पक्षी’ अशी आहे. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, अहो ताई, हे कासव आहे. ती म्हणाली, "सर, यात कुत्रा, मांजर आणि पक्षीच येतं. ‘इतर’ केलं की फी हाताने टाकावी लागते." पक्ष्याचे साडेआठशे रुपये भरले आणि गप्प बसलो.

कासवाचं नाव शताब्दी. लेकीने गाडीवरून ठेवलंय. ती आता बंगळुरात शिकते आणि रोज व्हिडिओ कॉल करते, कासवाला. सहा वर्षांपूर्वी आणलं तेव्हा दोन रुपयांच्या नाण्याएवढं होतं. दुकानदार शपथेवर म्हणाला होता, "काका, एवढंच राहतं." आज पोह्यांच्या बशीत मावत नाही. गेल्या आठवड्यात टाकीतला हीटर जळाला, पाणी गार पडलं आणि शताब्दी एका अंगावर कलून तरंगायला लागलं. नाकातून बुडबुडे. निदान, न्यूमोनिया. तेव्हापासून दिवसभर कोरड्या टबात दिव्याखाली शेक आणि जेवणापुरतं कोमट पाणी, कारण पाण्याबाहेर याला घास गिळता येत नाही. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. (बायकोने केक करणं सोडलंय.) दर तीन दिवसांनी इंजेक्शन, तेही पुढच्याच पायात, कारण मागच्या पायातलं औषध अंगात भिनायच्या आत मूत्रपिंडातून निघून जायची भीती. कॅल्शियमसाठी समुद्रफेस आणायला काष्ठौषधीच्या दुकानात गेलो, तर तिथले आजोबा म्हणाले, "कान कुणाचा वाहतोय?"

तर काल दाखवायला नेलं. शेजारी एक गृहस्थ, सफारी घातलेले, सुनेच्या शीत्झूबरोबर आलेले. कुत्रा सुनेच्या मांडीवर, म्हणजे हे अगदी मोकळे. त्यांनी माझ्या टबात डोकावून पाहिलं.

"गेलं?"

"नाही हो. आजारी आहे."

"काय झालंय?"

"न्यूमोनिया."

गृहस्थांनी ही बातमी अख्ख्या खोलीला दिली. "अहो, कासवाला न्यूमोनिया! जन्म पाण्यात गेला आणि सर्दी झाली म्हणे!" लॅब्राडॉरवाल्या बाई हसल्या. तो लॅब्राडॉर पायमोजा गिळून आला होता, पण त्याला कुणी हसलं नव्हतं.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "किती नखी आहे?"

"म्हणजे?"

"नखं हो, नखं. वीस नखी असेल तर..." आणि त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला. त्या बोटात चांदीची कासवाची अंगठी होती. आपल्याकडे या वीस नखांपायी गुप्तधन शोधणारे कितीतरी जण पोलिसांच्या हाती लागलेत, पण यांचा चेहरा बँकेत एफडीचा दर विचारावा इतका निरागस. मी मोजली नाहीत म्हटल्यावर त्यांना माझी कीवच आली. "सहा वर्षं घरात आहे आणि मोजली नाहीत?" खिशातून चष्मा निघाला. पुढचा उजवा, पाच. पुढचा डावा, पाच. मागचा उजवा, चार. इथे चेहरा पडला. तरीही आशा न सोडता त्यांनी मागचा डावा पाय चिमटीत धरून ओढला. चार.

"अठरा," ते म्हणाले. दोन मार्कांनी नापास झालेल्या मुलाच्या बापाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घर स्वतःचं आहे?"

"भाड्याचं."

"तेच तर."

एवढ्यात एक गोष्ट घडली. आठ दिवस इंजेक्शनलाही पाय आत न घेणाऱ्या शताब्दीने चारही पाय सपकन आत ओढले आणि मोठ्याने ‘फुस्स’ केलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण गृहस्थ खोलीकडे वळून म्हणाले, "बघा! माझा हात लागला!" आणि लॅब्राडॉरवाल्या बाईंनी मान डोलावली. सहा हजार रुपयांची औषधं आणि माझी जागरणं गेली चुलीत.

"घरी तोंड कुठल्या दिशेला असतं याचं?"

"झिंगे असतील त्या दिशेला."

"उत्तरेला हवं. नाहीतर वेळासला नेऊन समुद्रात सोडा, पुण्य लागेल."

वेळासची ती समुद्री कासवं, हे गोड्या पाण्यातलं, खारं पाणी याला सोसणार नाही, हे मी सांगितलं. "मग पाषाणच्या तळ्यात," ते म्हणाले. इथे मात्र माझं डोकं फिरलं. हे लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. नाण्याएवढं असताना हौसेने आणायचं, बशीएवढं झालं की तळ्यात सोडायचं आणि पुण्य पदरात पाडून घरी यायचं. मग ते तिथल्या आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा बळकावतं. स्टार कासव पाळलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तुरुंग आहे, आणि असायलाच हवा. पण "एवढंच राहतं, काका" म्हणणाऱ्याला काय आहे? हे सगळं मी जरा मोठ्याने बोललो असेन. शीत्झू भुंकला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, इकडे या बरं, ते काका चिडलेत." म्हणजे गुन्हेगार मीच.

डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे.

रात्री वजन केलं. ७४१ ग्रॅम, सोमवारपेक्षा तीनने जास्त. मग बायको झोपल्यावर टॉर्च लावून नखं मोजली. अठराच. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून पाहिलं, तर शताब्दीचं तोंड दक्षिणेला, बाथरूमकडे. टब हळूच फिरवत होतो, एवढ्यात मागून आवाज आला, "काय चाललंय?"

"वारा लागत होता त्याला."

सकाळी पाहिलं तर परत बाथरूमकडे तोंड.