शेपूची भाजी केली आहे, या जेवायला

परवा कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटात शेपूच्या पेंड्या बघत उभी होते, तेवढ्यात शाळेतली मैत्रीण भेटली. बऱ्याच दिवसांनी. बोलता बोलता म्हटलं, "गौरी यायच्या दिवशी ये की जेवायला, पोरांना घेऊन ये." ती लगेच म्हणाली, "नको गं, तुला उगीच घाट." मी म्हटलं, घाट कसला, भाजी-भाकरी तर आहे. तर जरा थांबून म्हणाली, "आम्ही चार वर्षं झाली कुणाला घरी बोलावलंच नाही बघ. बोलवायचं म्हटलं की दोन भाज्या, पनीरचं काहीतरी, दोन गोडाचं, पुलाव. झेपत नाही. मग राहूनच जातं."

घरी येऊन पेंडी निवडायला बसले तरी तिचं बोलणं डोक्यातून जाईना. कारण हे तिच्या एकटीच्या घरातलं नाही. माझ्या ओळखीची निम्मी घरं अशी झाली आहेत. माणसांची ओढ आहे, जागा आहे, गॅसवर काही ना काही शिजतंय, पण 'एवढंच कसं ठेवायचं पुढ्यात' या एका विचारानं आपण एकमेकांना बोलवायचं बंद केलं. मला हे फार लागतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या गौरींचंच घ्या. गौर माहेरपणाला येते. वर्षातनं एकदा येणारी लेक. आणि पहिल्या दिवशी तिच्यापुढं काय ठेवतो आपण? शेपूची भाजी, भाकरी आणि वडी. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. दमून आलेल्या लेकीला आधी घरचं साधं जेवण द्यायचं, हे ज्या कुणा बायकांनी ठरवलं त्यांना माणूस कळलेला होता. आमच्यात नैवेद्याच्या भाजीत कांदा-लसूण नसतो. तेलात जिरं, हिरवी मिरची, भिजवलेली मुगाची डाळ आणि वरून बारीक चिरलेला शेपू. झाकण टाकायचं नाही, रंग जातो. डाळ बोटानं दाबली की मोडली पाहिजे पण गाळ व्हायला नको. शाळूची भाकरी परातीत थापताना कडेनं बोट फिरत राहिलं पाहिजे, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, आणि पाणी सुकायच्या आत उलटायची. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी फुगली की तिचा वरचा पापुद्रा बोटानं उचलून त्यात चिमूटभर मीठ आणि तेल घालून माझ्या लेकाच्या हातात द्यायच्या. पंगत बसायच्या आधीच त्याचं पोट भरलेलं असायचं. आत्ती आता नाहीत, लेक बावीसचा झाला, तरी भाकरी तव्यावर पडली की अजून स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो.

2019 ची गौर मी कधीच विसरणार नाही. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. 43 फुटाला धोक्याची पातळी, त्यावरून अंदाज करा. आम्ही मंगळवार पेठेत, आमच्यापर्यंत पाणी आलं नाही. पण शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहणारी माझी एक मैत्रीण, तिच्या घरात माणूसभर पाणी. गल्लीत तर गणपतीच्या मूर्ती भिजून माती झाल्या होत्या. त्या आठवड्यात शहरातल्या किती घरांत रात्रंदिवस चपात्या लाटल्या गेल्या त्याला हिशोब नाही. आमच्या गल्लीत एका घरात कणीक, एका घरात बटाट्याची भाजी, पोरं मोटरसायकलवरून डबे पोचवायची. कुणाच्या घरची चपाती कुणी खाल्ली, कुणी विचारलं नाही.

मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गौरी आल्या. पूर ओसरून महिनाही झाला नव्हता. मैत्रीण म्हणाली, "यंदा गौर नाही आणायची. घरात पाट नाही, भांडं नाही, भिंती ओल्या. काय करणार मी तिला?" आत्तींनी ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "तिला पहिल्या दिवशी भाजी-भाकरीच लागते. ती मी आणते." दुपारी आम्ही गेलो. फरशी धुऊन धुऊन पांढरी पडली होती, पण कोपऱ्यात अजून गाळाचा वास होता. गौर म्हणून तेरड्याची रोपं एका नव्या स्टीलच्या तांब्यात. त्या तांब्याचं लेबलसुद्धा निघालं नव्हतं. आम्ही शेपूची भाजी, वीस भाकरी आणि वड्या नेल्या होत्या. ताडपत्री अंथरून नऊ माणसं बसली. शेजारच्या काकू दही घेऊन आल्या, त्याही बसल्या. मैत्रिणीच्या नवऱ्यानं दुसरी भाकरी मागितली तेव्हा ती रडायला लागली. पुरानंतर तो पोटभर जेवला नव्हता म्हणाली.

त्यानंतर मी ताटातल्या वाट्या मोजणं सोडलं.

याचा अर्थ पुरणाला माझा विरोध आहे असा नाही. कोल्हापुरात चपाती ती चपाती, पोळी म्हटलं की पुरणाचीच. आपला गूळ आहे, 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेला. त्या गुळाचं पुरण, वर तूप, दूध किंवा गुळवणी, आणि येळवण्याची, म्हणजे पुरणाची डाळ शिजवलेल्या पाण्याची आमटी. दुसऱ्या दिवशी सकाळी शिळ्या पोळीबरोबर ती आमटी जास्त मुरलेली लागते, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुरण झेपत असेल तर जरूर करा. झेपत नसेल तर पोळ्या विकत आणा, त्यात काहीही कमीपणा नाही. गल्लीतल्या कितीतरी बायकांचे संसार पोळ्यांच्या ऑर्डरवर चालतात. आमटी घरची करा म्हणजे झालं. पण पोळ्या जमत नाहीत म्हणून माणसांनाच बोलवायचं नाही, हे मला पटत नाही.

आणि आपल्या गावाला वाटून खाणं काही नवं नाही. आषाढात टेंबलाई देवीची जत्रा असते. नदीच्या नव्या पाण्याच्या घागरी, पुढं 'पी ढबाक' वाजंत्री. गल्लीत वर्गणी निघते, बकरं येतं आणि मटणाचे वाटे घरोघरी जातात. वर्गणी सारखी, वाटा सारखा. बंगल्यात जातो तेवढाच एका खोलीत राहणाऱ्या म्हातारीला. ती एकटी आहे म्हणून कमी नाही. तिच्या वाट्याचं मटण शिजवून द्यायला शेजारची सून असतेच.

मार्गशीर्षात कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या रेणुकेहून भाविक परतले की आपल्याकडं ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा. ताकातली आंबील, घुगऱ्या, वरणं-वांग्याची भाजी, मेथी, दहीभात, भाकरी, गाजर, कांद्याची पात. यातलं काय महाग आहे सांगा? नैवेद्य दाखवून झाला की घोळक्या-घोळक्यानं माणसं बसतात आणि डबे इकडून तिकडे फिरतात. ओळख नसलेल्या बाईच्या हातचा दहीभात मी तिथं खाल्ला आहे. तिनं लसणाची चटणी पुढं केली, मी वडी दिली. नाव विचारायचं राहून गेलं.

एक कडू गोष्टही लिहायला हवी. माझ्या आजीच्या घरात सणाचं ताट सगळ्यांना जायचं, पण काही जणांना ते उंबऱ्याबाहेर, वेगळ्या भांड्यात. ज्या गावात शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत, त्याच गावात हे चाललं होतं. माझ्या आईनं ते मोडलं. भांडण न करता. दिवाळीला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना तिनं आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि स्वतः त्यांच्याबरोबर जेवायला घेतलं. आजी त्या दिवशी जेवली नाही. पुढच्या वर्षी जेवली. म्हणून पंगत म्हटली की कोण-कोण आलं याबरोबर कोण कुठं बसलं हेही मी बघते, आणि तुम्हीही बघा.

बाप्यांनाही सांगायचं आहे. घरी माणसं बोलवायची हौस तुमची आणि राबायचं बाईनं, असं असेल तर ती बाई 'हॉटेलातच जाऊ' म्हणणार, आणि तिचं बरोबर आहे. आमच्यात ह्यांनी शेपू निवडायचा, लेकानं पानं वाढायची आणि खरकटं काढायचं, हे ठरलेलं आहे. पहिल्या वर्षी शेपूत देठं राहिली होती. आता नाहीत.

तर यंदा गौरी येतील त्या दिवशी आमच्यात चाळीस भाकरी होणार आहेत. कपिलतीर्थातली ती मैत्रीण येणार आहे, कालच फोन आला. कुंभार गल्लीवाली वड्या घेऊन येते आहे, आता दरवर्षी वड्या तिच्याच. भाकरी थापायला अजून एक हात लागेल. ज्याला जमेल त्यानं बाराच्या आत यावं, परात तयार असेल.