पेट्रोल धुऊन शुद्ध होत नाही

गेल्या रविवारी मामांचा फोन आला. पॉवर वीडरची (तण काढायच्या यंत्राची) दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, पण इंजिन सुरू व्हायचं नाव घेत नाही. आठ दिवसांपूर्वी हेच यंत्र सुपारीच्या बागेत दिवसभर चाललं होतं. "पेट्रोल कुठलं टाकलंत?" असं विचारलं तर म्हणाले, "धुतलेलं."

मला आधी कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी गावी गेलो आणि कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागाचा, बाऊल (पेट्रोल साठतं ती वाटी) खोलला. तळाशी पाण्याचा थर होता, फ्लोटच्या (बाऊलमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) पिनीवर पांढरी भुकटी धरलेली. पेट्रोल इंजिनाकडे सोडणाऱ्या मेन जेटचं भोक सुईच्या नाकाएवढं असतं, तेही बुजलेलं. पण त्याहून वाईट मागे पडवीत होतं. न्हाणीच्या चुलीपासून सात-आठ हातांवर पाण्याच्या चार प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत खाली गढूळ पाणी आणि वर पेट्रोल. मामी सकाळपासून वास येतोय म्हणत होती आणि तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

हे सगळं ज्या मेसेजमुळे झालं तो आता माझ्याकडेही चार गटांतून आला आहे. "जुनी इंजिने वाचवा" असं वर लिहिलेलं आणि खाली पाच सूचना. एक, पेट्रोलमध्ये इथेनॉल (मद्यार्क) असतं आणि त्याने कार्बोरेटर गंजतो, म्हणून लिटरभर पेट्रोलमध्ये पाव लिटर पाणी घालून हलवा, अर्धा तास ठेवा आणि वरचं "शुद्ध पेट्रोल" काढून वापरा. दोन, पेट्रोलमध्ये थोडं रॉकेल मिसळा, कार्बन साफ होतो. तीन, एअर फिल्टर काढला की ताकद वाढते. चार, गव्हर्नरची (इंजिनाच्या फेऱ्यांना आवर घालणाऱ्या भागाची) स्प्रिंग ताणली की यंत्र जोरात काम करतं. पाच, ऑइल काळं होईपर्यंत बदलू नका, कमी झालं की वरून घाला.

पहिल्या सूचनेबद्दल सविस्तर बोलावं लागेल, कारण ती घर जाळू शकते.

पाणी घालून हलवलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं, एवढं खरं. शाळेच्या प्रयोगशाळेत हे करून दाखवतात. म्हणूनच लोकांना पटतं, डोळ्यांदेखत दोन थर दिसतात. पण वर जे उरतं ते शुद्ध पेट्रोल नव्हे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याच्या गुणाचा आकडा, १०८ च्या आसपास असतो. मिश्रणाला ठरलेला ऑक्टेन मिळावा म्हणून रिफायनरी मूळ पेट्रोल इथेनॉल धरूनच बनवते. ते काढून टाकलं की हातात येतं कमी ऑक्टेनचं, अर्धवट पेट्रोल. शिवाय ते कोरडंही नसतं. पाण्याचे बारीक थेंब त्यात तरंगत राहतात आणि टाकीत, मग बाऊलमध्ये जाऊन तळाला बसतात. कार्बोरेटर जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, म्हणून ती पांढरी भुकटी. इथेनॉलमुळे कार्बोरेटर गंजतो असं सांगणारा हा मेसेज गंजवणारी गोष्ट स्वतःच्या हाताने आत ओतायला सांगतो.

पैशाचा हिशेबही कुणी केलेला नाही. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमधून ते धुऊन काढलं तर लिटरचं साधारण ८०० मिली उरतं. पाच लिटरचे पैसे द्यायचे आणि चार लिटर वापरायचं.

आता तो खालचा थर. मामांनी तो अंगणातल्या झाडांना घालायला ठेवला होता, "पाणीच तर आहे" म्हणून. पाव लिटर पाण्यात २०० मिली इथेनॉल गेलं की ते चाळीस टक्क्यांच्या वरचं मद्यार्काचं पाणी होतं. कोकणातल्या उन्हाळ्यात ठिणगी मिळाली तर ते पेटतं, आणि मद्यार्काची ज्योत दिवसाउजेडी धड दिसतही नाही. वरच्या पेट्रोलचं तर विचारूच नका. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ ते सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. पडवी उतरती असेल तर थेट न्हाणीच्या चुलीकडे. आणि पेट्रोलची बाटली हलवून हलवून झाकण उघडायचं, म्हणजे कोंडलेली वाफ तोंडावर घ्यायची. चार बाटल्या, चूल, आणि शेजारी खेळणारी नातवंडं. मामा, हे लिहितानाही माझे हात थरथरतात.

इथेनॉलबद्दलची तक्रार अगदीच खोटी नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलं आहे की विना-इथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांच्या मिश्रणाला जुळवलेल्या गाड्यांत २० टक्क्यांचं मिश्रण वापरलं तर मायलेज घटतं, दुचाकीत ३ ते ४ टक्के, चारचाकीत ६ ते ७ टक्के. जुने रबरी पाइप, बाऊलचं गॅस्केट, नीडलचं (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं) टोक इथेनॉलने फुगतं किंवा चिरतं, हे मी स्वतः कितीदा पाहिलं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि आमच्याकडे पावसाळ्यात ओल काही कमी नसते. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेलं, म्हणजे लिटरला जेमतेम चमचाभर, की थर वेगळे व्हायला लागतात. तेव्हा आजार खरा आहे. सांगितलेलं औषध विष आहे.

होंडाच्या जीएक्स १६० या इंजिनाचं मॅन्युअल काढून बघा. मामांचं इंजिन त्याच घडणीचं आहे, आणि बाजारातल्या कितीतरी वीडरांची, पंपांची इंजिनं त्याचीच नक्कल आहेत. त्यात इंधनाबद्दल मोजकी वाक्यं आहेत. १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नको. शिळं, दूषित किंवा ऑइल मिसळलेलं पेट्रोल कधीही वापरू नका. टाकीत घाण किंवा पाणी जाऊ देऊ नका. पहिलं वाक्य मेसेजवाल्याच्या बाजूचं आहे, मी ते लपवत नाही. पण शेवटचं वाक्य त्याची पहिली सूचना तिथल्या तिथे मोडून काढतं.

उरलेल्या चार सूचनांना एवढी जागा द्यायची गरज नाही.

रॉकेलबद्दल मामा म्हणाले, "आजोबांचा पंप रॉकेलवरच चालायचा." चालायचा. तो पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घ्यायचा पंप होता आणि त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) त्यासाठी मुद्दाम कमी ठेवलेलं होतं. तरीही त्याचं ऑइल पातळ व्हायचं, कारण न जळलेलं रॉकेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं. पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल घातलं तर कार्बन साफ होत नाही. ते नीट जळत नसल्यामुळे उलट प्लगवर आणि व्हॉल्व्हवर नवा कार्बन धरतो.

एअर फिल्टर काढल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, त्यालाच लोक ताकद समजतात. वीडर मातीत चालतो. ती बारीक तांबडी धूळ ऑइलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते आणि सिलिंडर एका हंगामात खाऊन टाकते. स्पंज कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा आणि परत लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

गव्हर्नरच्या सूचनेचा मात्र मला राग येतो. ही इंजिनं मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या आसपास थांबवलेली असतात, ती कुणाला मालकाची ताकद अडवून ठेवायची आहे म्हणून नव्हे. आत ऑइलचा पंप नाही, कनेक्टिंग रॉडच्या टोकाला असलेलं पळीसारखं पातं ऑइल उडवतं आणि त्यावरच सगळं वंगण चालतं. रॉड ॲल्युमिनियमचा. स्प्रिंग ताणून फेऱ्या वाढवल्या की एक दिवस तो रॉड तुटतो आणि क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) फोडून बाहेर येतो. यंत्र चालवणाऱ्याचे पाय तिथून दीड हातावर असतात.

आणि ऑइल. रंग बघून ऑइल बदलायचं नसतं, तास मोजून बदलायचं असतं. त्याच मॅन्युअलमध्ये पहिल्यांदा २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी असं आहे. इंजिनात जेमतेम ६०० मिली ऑइल आणि ऑइल फिल्टर नाहीच, म्हणजे झिजलेल्या धातूची कीस त्यातच फिरत राहते. वरून घालून ती बाहेर कशी येणार? इंजिन गरम असताना खालचा बोल्ट काढून सगळं सांडू द्या, मग नवीन भरा.

मग इथेनॉलचं करायचं काय, असं मामांनी विचारलं. जे त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो. काम संपलं की टाकीचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे बाऊलमध्ये पेट्रोल उरत नाही. यंत्र महिनाभर लागणार नसेल तर टाकीही रिकामी करा. पेट्रोल लागेल तेवढंच आणा, गर्दीच्या पंपावरून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कॅनमध्ये. जुना रबरी पाइप कडक झाला असेल किंवा चिकट लागत असेल तर इथेनॉल सोसणारा पाइप घाला, गॅस्केट आणि नीडलही बघून घ्या. खर्च धुऊन टाकलेल्या पेट्रोलपेक्षा कमी येतो.

ज्यांनी धुतलेलं पेट्रोल आधीच टाकलं आहे त्यांनी दोरी ओढत बसू नका, पाणी आणखी आत जाईल. कॉक बंद करून बाऊलचा बोल्ट काढा, टाकी पूर्ण रिकामी करा, जेट फुंकून साफ करा, त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. प्लग काढून वाळवा. हे सगळं उघड्यावर, चुलीपासून आणि विडीपासून लांब.

मामांचं इंजिन बुधवारी तिसऱ्या ओढीला सुरू झालं. फ्लोटची पिन बदलावी लागली. पाइप अजून जुनाच आहे, येत्या रविवारी नवा घेऊन जाणार आहे. मामींनी त्या चारही बाटल्या मला उचलायला लावल्या आणि मामांनी गटावर स्वतः लिहिलं, "मी करून बघितलं, कोणी करू नका."