'३०५५ नसेल तर २९५५ लावा' : खुलासा

घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: '२एन३०५५ मिळेना? एमजे२९५५ लावा. दोन्ही ६० व्होल्ट, १५ अँपिअर.' हे दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये जास्त करंट सोसणारे पार्ट. आकडे बरोबर आहेत, सल्ला चुकीचा. ३०५५ एनपीएन, २९५५ पीएनपी, म्हणजे दोघांत करंटची दिशा एकमेकांच्या उलट. ती जोडी आहे, बदली नव्हे.

एनपीएनच्या जागी पीएनपी बसवला की कलेक्टर (मुख्य करंटचं टोक) आणि बेस (करंटवर ताबा ठेवणारं टोक) यांच्यातलं जंक्शन सरळ उघडतं आणि करंट बेसमधून मागं शिरतो. आधी ड्रायव्हर, म्हणजे बेसला करंट पुरवणारा छोटा ट्रान्झिस्टर, जळतो. माझ्या टेबलावर असा एक बोर्ड आहे, बेसच्या रेझिस्टरचे रंगपट्टेसुद्धा उरलेले नाहीत.

मग लावायचं काय? टीआयपी३०५५ चालतो, तोही एनपीएनच, व्होल्ट-अँपिअर तेवढेच. पण तो ९० वॅटचा, जुना पत्र्याच्या बॉडीचा २एन३०५५ ११५ वॅटचा. तेव्हा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) मोठा घ्या. शिवाय पत्र्याच्या ३०५५ ची बॉडीच कलेक्टर असते. टीआयपीला तीन पाय: छापील बाजू समोर धरून डावीकडून बेस, कलेक्टर, इमिटर. पाठीचा पत्रा इथंही कलेक्टरच, म्हणून तो हीटसिंकला विजेनं जोडला जाऊ नये यासाठी खाली अभ्रकाची चकती हवीच.

आणि भावा, पहिल्यांदा चालू करताना सप्लायला सिरीजमध्ये बल्ब लाव, म्हणजे जोडणीत चूक असली तरी बल्ब करंट अडवेल.